शर्यत पाहायची तर घाटात

बुलढाणा जिल्ह्यातली दोन माणसं परगावी भेटली, की तालुका विचारायच्या आधी एक गोष्ट कळून घेतात : घाटावरचे की घाटाखालचे? मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. जुन्या वऱ्हाडच्या कागदपत्रांत याच भेदाला पायनघाट आणि बालाघाट अशी नावं आहेत. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन, वर अजिंठ्याच्या डोंगररांगेचं पठार. मलकापूरकडून मोताळ्यावरून बुलढाण्याला येताना लागतो तो राजूर घाट, आणि खामगावकडून येताना ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो तो बोथ्याचा.

राजूर घाटाशी माझी पहिली गाठ पडली ती भाड्याच्या सायकलवर. तेव्हा सायकल तासावर मिळायची. दोघं मित्र डबल सीट निघालो आणि कुणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, घाट उतरलो. उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागली असतील. ब्रेकचे रबर तापल्याचा वास आला एवढंच. परत फिरलो तेव्हा खरी गोष्ट सुरू झाली. पहिल्या वळणावर कॅरिअरवरचा उतरला, दुसऱ्यावर मी उतरलो, आणि पुढचा सगळा घाट आम्ही सायकल हातात धरून चढलो. भाडं मात्र तासावर चाललेलं. मधल्या एका वळणाच्या कठड्यावर एक म्हातारबा बसले होते. आम्ही खालच्या वळणावर दिसल्यापासून ते आमच्याकडे बघत होते. जवळ आलो तेव्हा म्हणाले, “उतारानं सायकल तुले नेते, चढानं तू तिले नेतं. घाट हाय बाप्पा हा.” आम्ही पुढे गेलो, वरच्या वळणावरून खाली पाहिलं, तर ते अजून बघतच होते. आमच्या कपाळावरचा घाम, धापा, एकमेकांवर केलेली चिडचिड, सगळं त्यांनी पाच-सात मिनिटं सावकाश पाहिलं असणार.

रस्त्यावरची सायकल शर्यत कशी पाहावी, हे त्या म्हाताऱ्यांना आपोआप कळलं होतं. आपल्याला मात्र ते थोडं गणित आणि थोडा इतिहास घालून समजून घ्यावं लागतं.

गणित अगदी साधं आहे. व्यावसायिक सायकलपटूंचा घोळका सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. दीडशे जणांचा हा घोळका रस्ता व्यापून दाटीवाटीनं चालला असेल, तर डोक्यापासून शेपटीपर्यंत दीडशे मीटर धरा. तुम्ही ज्या मैलाच्या दगडाजवळ उभे आहात, त्याच्यासमोरून हे सगळे जायला बारा सेकंद लागतात. पहाटे उठून, डबा बांधून, रस्ता बंद व्हायच्या आत जागा धरून, तीन तास उन्हात उभं राहून बारा सेकंद. त्यातही दिसतं काय? आधी लाल-निळे दिवे लावलेल्या पोलिसांच्या मोटारसायकली, मग पंचांची गाडी. मग एक आवाज येतो. तो पायडलचा नसतो, बोलण्याचाही नसतो. शंभर-दीडशे साखळ्या आणि बारीक टायर एकदम रस्त्यावरून सरकतात त्याचा, जोरात पाऊस पत्र्यावरून पुढे निघून जावा तसा. वाऱ्याचा एक झोत तोंडावर येतो. रंग दिसतात, चेहरा एकही नाही. शेजारचा विचारतो, “आपला कोणता होता?” आणि तोवर मागच्या संघांच्या मोटारी, टपावर उलट्या उभ्या बांधलेल्या सायकली घेऊन, हॉर्न वाजवत निघून गेलेल्या असतात.

बैलजोड्यांचा शंकरपट पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला सेकंदांची ही गोष्ट नवीन वाटणार नाही. पटावरही जोडी सुटते आणि डोळ्याची पापणी लवेतो निशाणापाशी जाते. पण पटावर जोड्या एकामागून एक सुटत राहतात, दिवसभर. सायकलवाले एकदा गेले की गेले, पुढच्या जिल्ह्यात.

मग हा खेळ टिकला कसा? तिकीट नाही, खुर्ची नाही, अख्खी शर्यत कुणालाच दिसत नाही. याचं उत्तर असं, की रस्त्यावरची सायकल शर्यत मुळात पाहण्यासाठी काढलेलीच नव्हती. ती वाचण्यासाठी काढली होती. जगातली सगळ्यात गाजलेली शर्यत, टूर द फ्रान्स, १९०३ मध्ये ‘लोतो’ नावाच्या क्रीडा दैनिकानं सुरू केली, आणि हेतू लपवलेला नव्हता : प्रतिस्पर्धी दैनिकाला मागे टाकून खप वाढवायचा. फ्रान्सभर फिरणारी, आठवडेच्या आठवडे चालणारी शर्यत. कुठल्याही गावच्या माणसाला तिचा एक तुकडा दिसणार, तोही मिनिटभर. बाकी काय झालं, कोण पडलं, कुणी कुणाला गाठलं, हे कळायला दुसऱ्या दिवशी पेपर घ्यावाच लागणार. साठ जण निघाले, एकवीस पोचले, मॉरिस गारँ जिंकला आणि पेपरचा खप खरोखरच वाढला. अर्धवट पाहिलेल्या गोष्टीची ओढ पुरती पाहिलेल्या गोष्टीपेक्षा जास्त असते, हे ‘लोतो’च्या संपादकाला नेमकं कळलेलं होतं. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या बाबतीतही कित्येक वर्षं तसंच होतं. पुण्यात शेवट पाहायला गर्दी व्हायची, पण घाटात काय झालं ते सकाळच्या पेपरातूनच समजायचं.

पुढच्या वर्षी, १९०४ मध्ये, प्रेक्षकांनी आपला हिस्सा वसूल करायचं ठरवलं. सेंत-एतियेनजवळच्या चढावर रात्रीच्या अंधारात स्थानिक पोराचे पाठीराखे टपून बसले आणि तो पुढे निघून गेल्यावर मागून येणाऱ्यांना त्यांनी काठ्यांनी बडवलं. गारँही त्यात सापडला. हा हल्ला नेमका चढावर झाला, सपाटीवर नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सपाटीवर सायकलवाल्याला काठी मारायलाही सवड मिळत नाही.

याच्यामागचं कारण हवेत आहे. सपाट रस्त्यावर वेगात जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. आणि हवेचा हिशेब सरळ नाही. वेग दीडपट केला तर हवेसाठी लागणारी ताकद दीडपट होत नाही, जवळजवळ साडेतीनपट होते. म्हणून ताशी ३० च्या जागी ४५ नं जायचं तर एकट्या माणसाचा जीव जातो. तेच दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून, वितीभर अंतर ठेवून चाललं, की पुढच्यानं फोडलेली हवा मागच्याला आयती मिळते. घोळक्याच्या पोटात तर चैनच. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन विद्यापीठातल्या बर्ट ब्लोकेन या संशोधकानं २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास केला. घोळक्याच्या आत दडलेल्या सायकलपटूला लागणारा हवेचा विरोध एकट्या चालवणाऱ्याच्या पाच ते दहा टक्केच असतो, असं त्यातून निघालं. कापसाच्या गाडीमागे सायकल लावून, साखळदंड धरून मोफत प्रवास केलेल्या आपल्या पोरांना हे शास्त्र निम्मं ठाऊकच असतं.

त्यामुळे सपाटीवर घोळका फुटत नाही. तीन-चार जण पुढे पळतात, पण मागचे आलटून-पालटून पुढे येऊन हवा खातात आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पळालेल्यांना बहुतेक वेळा गाठतात. मग शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जो काही भडका उडतो तो उडतो. बघणाऱ्याच्या बाजूनं विचार करा : सरळ, रुंद, गुळगुळीत रस्ता म्हणजे सगळ्यात वाईट जागा. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून सिंदखेडराजा, मेहकरवरून जातो. तिथे सायकलला बंदी आहे, पण समजा उद्या तिथे शर्यत भरवली, तरी मी तिथे उभा राहायला जाणार नाही. बारा सेकंदांची तिथे दहा होतील.

चढ लागला की हे सगळं शास्त्र उलटतं. वेग ताशी ४५ वरून १८ वर आला, म्हणजे अडीचपट कमी झाला, की हवेसाठी लागणारी ताकद जवळजवळ सोळापट घटते. हवा बाजूला होते आणि तिच्या जागी वजन येतं. दुसऱ्याच्या मागे लपून आता फारसं काही मिळत नाही. स्वतःचं वजन आणि सायकलचं वजन ज्यानं त्यानं उचलायचं. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत बोरघाट साडेपाचशे मीटरच्या आसपास वर चढतो. सत्तर किलोचा माणूस आणि आठ किलोची सायकल एवढ्या उंचीवर नुसती उचलून ठेवायची म्हटली, तर शरीराला चारशेच्या आसपास कॅलरी जाळाव्या लागतात, कारण स्नायू चारातला एकच वाटा कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. ज्वारीच्या दोन-अडीच भाकरी झाल्या. पण त्या अर्ध्या तासात जाळायच्या, आणि शेजारचा आपल्यापेक्षा जोरात जाळतोय हे बघत जाळायच्या. त्यात ज्याचं वजन पाच किलो कमी, तो फायद्यात. म्हणून घाटातले मोहरे सगळे हडकुळे असतात, आणि सपाटीवरचे जाड मांड्यांचे बहाद्दर घाटात शेपटीला लागतात.

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्याचं बक्षीस वेगळं असतं, आणि मला तो किताब नेहमी शर्यतीच्या विजेतेपदापेक्षा मोठा वाटत आला आहे. जिंकणारा कोणाच्या तरी आडोशानं आलेला असू शकतो. घाटाच्या राजाला आडोसा मिळालेला नसतो. फ्रान्समध्ये याच्यासाठी पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा सदरा असतो. आपण शब्दावर भागवलं, आणि शब्द जास्त चांगला काढला.

घाटात प्रेक्षकाला किती मिळतं ते पाहा. दीडशेच्या घोळक्याची माळ तुटते. आधी चार-पाच जण येतात, मग मिनिटभरानं दहा, मग सुटे सुटे एकेक, मग पंधरा-वीस जणांचा एक जथा, ज्यांनी आज जिंकायचा विचार सोडून दिला आहे आणि ठरलेल्या वेळेच्या आत पोचण्यापुरतंच चालवत आहेत. पहिला आणि शेवटचा यांच्यात अर्धा तासही जातो. प्रत्येक जण तुमच्यासमोरून धावत्या माणसाच्या वेगानं जातो. उघडी चेन असलेला सदरा, छातीवर वाळलेल्या घामाचं मीठ, गुडघ्यावरचं ताजं खरचटलेलं, दाताखाली धरलेला ओठ हे दिसतं. आकड्याची चिठ्ठी पाठीवर टोचलेली असते, ती वाचता येते. कोण बसून चढतो, कोण उभा राहून, कोण मागे वळून बघतो हे कळतं. मागे वळून बघणारा बहुधा थकलेला असतो, पण कधी कधी तो नाटक करत असतो. दोन्हीतला फरक ओळखता आला की तुम्ही प्रेक्षक झालात.

शेवटी जी गाडी येते तिला फ्रेंचांनी नाव दिलंय झाडूगाडी. पूर्वी तिच्यावर खरोखर झाडू बांधलेला असायचा. ज्यानं शर्यत सोडली, त्याला ती उचलून घेते. आणि जो सगळ्यात शेवटी, पण पोचतो, त्याला म्हणतात लाल कंदील. आगगाडीच्या शेवटच्या डब्यावर असतो तो. मलकापूर-शेगावच्या रुळांकाठी वाढलेल्या माणसाला हे नाव समजवावं लागू नये. शेवटचा डबा गेला की फाटक उघडतं.

इतके दिवस हे सगळं आपल्याला टीव्हीवर किंवा वर्षातून एकदा बोरघाटात पाहायला मिळत होतं. अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय व्यावसायिक शर्यत दारात आली ती जानेवारी २०२६ मध्ये. १९ ते २३ तारखेपर्यंत पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ झाली, एकूण ४३७ किलोमीटर. शहरातल्या एका छोट्या सलामीच्या फेरीनंतर चार टप्पे. मुळशी-मावळचे डोंगर, पुरंदर, बारामती. बातम्यांत तिच्यापुढे ‘२.२’ असा आकडा यायचा आणि वाचणारे गोंधळायचे. आकडा सोपा आहे. जागतिक सायकल संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, पद्धतीत पहिला आकडा शर्यत किती दिवसांची ते सांगतो : १ म्हणजे एका दिवसाची, २ म्हणजे अनेक टप्प्यांची. दुसरा आकडा दर्जा सांगतो. सगळ्यात वर ‘वर्ल्ड टूर’, मग ‘प्रो’, मग १, मग २. म्हणजे २.२ ही शिडीची खालची पायरी, पण शिडीवरची. इथे मिळालेले गुण जागतिक क्रमवारीत धरले जातात आणि ऑलिंपिकची दारं त्या क्रमवारीतून उघडतात. अशी टप्प्यांची शर्यत भारतात याआधी झालीच नव्हती.

पहिल्यांदा बघायला जाणाऱ्यानं सलामीच्या फेरीपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. तिच्यात घोळका नसतो. एकेक जण ठरावीक अंतरानं सुटतो आणि घड्याळाशी झुंजतो. आडोसा नाही, डावपेच नाहीत. दर मिनिटाला एक नवा माणूस समोरून जातो आणि तासाभरात नवशिक्यालाही कळायला लागतं, की मघाचा निळा सदऱ्यातला वळणावर ब्रेक न लावता गेला होता, आणि हा लावतोय. डोळा तयार झाला की मग डोंगरात जावं.

‘टूर’ आणि ‘अजिंक्यपद’ यांतही गल्लत होते. टूरमध्ये सायकलपटू पगार देणाऱ्या संघासाठी चालवतो. सदऱ्यावर बँका, विमा कंपन्या आणि सायकलींची नावं. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो वर्षातून एकदा देशासाठी चालवतो. व्यावसायिकांची ही स्पर्धा १९२७ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला पहिल्यांदा झाली. इटलीचा आल्फ्रेदो बिंदा जिंकला. जिंकणाऱ्याला छातीवर निळा, लाल, काळा, पिवळा, हिरवा असे पाच पट्टे असलेला पांढरा सदरा मिळतो, आणि पुढचं वर्षभर जगातल्या बहुतेक शर्यतींत तो त्याच सदऱ्यात चालवतो. प्रेक्षकासाठी ही फार सोयीची गोष्ट आहे. दीडशे जणांच्या गर्दीत एकच माणूस लांबून ओळखू येतो.

दुसरी सोय अशी, की अजिंक्यपद शर्यत बहुतेक वर्तुळात होते. त्याच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा फेऱ्या. तुमच्या बारा सेकंदांना फेऱ्यांनी गुणा. सप्टेंबर २०२५ मध्ये ही स्पर्धा पहिल्यांदा आफ्रिकेत गेली, रवांडाच्या किगालीला. दीड हजार मीटर उंचीवरचं, टेकड्यांवर पसरलेलं शहर. पुरुषांची शर्यत २६७.५ किलोमीटर, आणि चढ सगळा मिळून ५४७५ मीटर, म्हणजे खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतचा बोरघाट दहा वेळा. शहरातल्या शाळा आठवडाभर बंद ठेवल्या होत्या. लोक छपरांवर, मातीच्या बांधांवर, गच्च्यांवर उभे होते. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार शेवटून १०४ किलोमीटर असताना एका चढावर पुढे गेला, ६६ किलोमीटर उरले तेव्हापासून अगदी एकटा होता, आणि जिंकला. निघालेल्या १६५ पैकी शेवटपर्यंत पोचले फक्त ३०. पोगाचार कितीही मोठा असो, तिथल्या कुठल्याशा चढावर उभ्या असलेल्या शाळकरी पोरानं त्याला दिवसभरात पंधरा वेळा जवळून जाताना पाहिलं. पॅरिसच्या रस्त्यावर हजारो रुपयांच्या व्यवस्थेत बसलेल्यालाही याहून जवळून दिसत नाही.

इथे थोडं विषयांतर. विदर्भानं अलीकडे सायकलीत नाव काढलं ते अशा शर्यतींत, जिथे प्रेक्षक उभा राहूच शकत नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली, आणि २०१८ मध्ये मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची सैबेरियातली शर्यत. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांनी मिळून अमेरिका पार केली होती. रात्री दोन वाजता वाळवंटातल्या रस्त्यावर त्यांना बघायला कोण असणार? मागून येणारी स्वतःची गाडी, तेवढीच. आणि आपल्या जिल्ह्यात आलेला सगळ्यात लांब पल्ल्याचा प्रवासी विचाराल, तर तो सायकलपटू नाही, वाघ आहे. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला ‘वॉकर’ २०१९ च्या शेवटी तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तोही बहुतेक कुणाला न दिसता. गळ्यातल्या पट्ट्यावरून कळलं.

परत घाटात येऊ, कारण घाटात उभं राहण्याची किंमतही आहे. प्रेक्षक इतका जवळ असतो, की शर्यत बिघडवणं त्याच्या हातात येतं. १९७५ च्या टूर द फ्रान्समध्ये प्वी-द-दोमच्या चढावर पाच वेळच्या विजेत्या एडी मर्क्सला एका प्रेक्षकानं पोटात गुद्दा मारला. त्या वर्षी तो टूर हरला. १९९९ मध्ये अल्प द्युएझच्या घाटात फोटो काढायला रस्त्याच्या मधोमध आलेल्या एका पोरानं जुझेप्पे गुएरीनीला पाडलं. तो उठला, बसला आणि टप्पा जिंकला, म्हणून ही गोष्ट हसून सांगता येते. २०१६ मध्ये मों व्हाँतूवर जोराच्या वाऱ्यामुळे शेवटची रेषा डोंगरमाथ्यावरून खाली आणावी लागली. वर उभी राहायची ती गर्दीही खाली आली, रस्ता इतका दाटला की पुढची मोटारसायकल थांबली, मागचे तिच्यावर आदळले, आणि आघाडीवरच्याचा पिवळा सदरा घातलेला ख्रिस फ्रूम सायकलचे कडक तळव्यांचे बूट घालून, सायकलशिवाय, घाटात पळत सुटला. २०२१ मध्ये तर पहिल्याच टप्प्यात एका बाईनं आजी-आजोबांना सलाम करणारी पाटी टीव्हीच्या कॅमेऱ्याला दाखवायला रस्त्यात धरली. तिची पाठ शर्यतीकडे होती. टोनी मार्टिन पाटीला धडकला आणि त्याच्यामागे अख्खा घोळका कोसळला. कोर्टानं तिला १२०० युरो दंड केला. टीव्हीवर आपण दिसावं, ही हौस जगात सगळीकडे सारखीच आहे.

म्हणून काही गोष्टी सांगून ठेवतो, त्या नियमांच्या पुस्तकात नसतात. उतारावरच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीही उभं राहू नये. ताबा सुटलेली सायकल तिकडेच जाते. मोबाइलच्या पडद्यातून बघत असाल तर माणूस खरा असतो त्याहून दूर दिसतो, आणि ‘अजून लांब आहे’ म्हणता म्हणता तुमच्या कोपरावर येतो. कुत्रं सोबत आणू नका. आणलंच, तर दोरी आखूड धरा. सायकलपटूला कुत्र्यांची जेवढी धास्ती असते तेवढी माणसांची नसते. मागून ढकलून मदत करायचा मोह आवरा. पालखीतल्या म्हाताऱ्या वारकऱ्याला चढावर हात देणं वेगळं. इथे त्याबद्दल सायकलपटूलाच दंड होऊ शकतो. पाणी डोक्यावर ओतायचं असेल तर त्यानं मान हलवून हो म्हटल्यावरच. आणि पोरांना ज्या बाटलीचं वेड असतं ती फेकलेली प्लॅस्टिकची बाटली हवी असेल, तर कुठेही उभं राहून उपयोग नाही. २०२१ पासून कचरा कुठे टाकायचा याचे पट्टे ठरवून दिले आहेत. त्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला थांबा. जवळच खाण्याचा पट्टा असेल तर आणखी एक गंमत दिसेल : संघाचा माणूस हात लांब करून कापडी झोळी धरतो आणि ताशी तीस-चाळीसच्या वेगात जाणारा ती खांद्यात ओवून घेतो. ती झोळी हुकली, तर त्याची उपासमार तुम्हाला पुढच्या चढावर दिसेल.

थांबायची सवय मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येते तेव्हा खामगाव-शेगाव रस्त्यावर माणसं पहाटेपासून चहाची पातेली घेऊन उभी असतात. पालखी समोरून जायला फार वेळ लागत नाही. पण त्या रस्त्यावर उभं राहिलेलं कुणी ‘काही मिनिटांसाठी एवढा वेळ घालवला’ असं म्हणताना मी ऐकलं नाही. फ्रान्समधल्या डोंगरात लोक दोन-दोन दिवस आधी तंबू ठोकतात, रस्त्यावर चुन्यानं नावं लिहितात, रांधतात. शर्यतीच्या दोन तास आधी जाहिरातींच्या सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक जाते, टोप्या आणि बिस्किटं उधळत. ती १९३० पासून आहे, कारण त्या वर्षी संयोजकांनी कंपन्यांचे संघ बंद करून देशांचे संघ आणले आणि खर्च भागवायला पैसे हवे होते. आपल्याकडे अशा मिरवणुकीला गाड्या कमी पडणार नाहीत.

पुण्यात जमलं म्हणजे कधी ना कधी बाकी जिल्ह्यांतही असं काही होईल, असं मी उगाच धरून चाललो आहे. राजूर घाटातून शर्यत गेली तर कुठे उभं राहायचं, हे माझं ठरलेलं आहे. घाटाच्या पायथ्याशी नाही. तिथे अजून सगळे एकत्र असतील. माथ्यावरही नाही, तिथे निकाल लागलेला असेल आणि कॅमेरेवाल्यांची गर्दी असेल. मधलं ते वळण, जिथून खालचं वळण दिसतं आणि वरचंही. कठडा आता नवा बांधला असेल, रस्ता रुंद झाला असेल. बसायला जागा असली म्हणजे झालं. पाण्याचा कॅन, शेंगदाण्याची पुडी, उपरणं. शर्यत मोताळ्यातून निघाली की मोबाइलवर कळेल, पण घाटात रेंज जाते, म्हणून खाली सपाटीवरच्या रस्त्याकडे बघत बसायचं. आधी दिवे लावलेली मोटारसायकल दिसेल, मग रंगांचा एक ठिपका. पायथ्याशी आला की तो ठिपका लांबट व्हायला लागेल, आणि पहिलं वळण पार होईतो त्याचे दोन झालेले असतील.